माया दोन बोटं

आमचे शिंपी खोटं कधीच बोलत नाहीत. "मंगळवारी देतो" म्हणतात आणि मंगळवारीच देतात. कुठल्या मंगळवारी, ते विचारायचं नसतं. दसऱ्यासाठी टाकलेला ब्लाऊज मला संक्रांतीला मिळाला. हळदीकुंकवाला निघताना घालायला घेतला, तर हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी शेजारच्या सूनबाईंनी ओढून काढला. मी तशीच तरातरा दुकानात गेले.

"अहो, घट्ट झालाय."

त्यांनी ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला, कपाटावरची वही काढून धूळ झटकली. "माप बरोबर आहे वहिनी. वहीतलंच घेतलंय."

"वहीतलं कधीचं?"

"२०११ चं."

मग अत्यंत अदबीनं ते म्हणाले, "ब्लाऊज अगदी तसाच झालाय." वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी गिळला. पण कोपऱ्यात काजं करत बसलेल्या पोरानं मान खाली घातली ती मी पायरी उतरेपर्यंत वर केली नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न. "मावशी, आम्ही ठरवलंय, बायकांनी सगळ्यांनी व्हिंटेज घालायचं. आजीच्या काळातलं." आता, आजीच्या काळातल्या कपड्याला आमच्याकडे जुनेर म्हणतात आणि त्याच्या बदल्यात बोहारीण स्टीलचा डबा देते. पण हल्ली त्यालाच व्हिंटेज म्हणतात आणि आपणच दुकानदाराला पाच डब्यांचे पैसे देतो. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "विकतचं नको. मी स्वतः शिवणार. माझ्या मापाचं."

फोनवर शांतता पसरली. मग भाची म्हणाली, "मावशी, लग्न मे महिन्यात आहे. या वर्षीच्या."

माझ्या आत्मविश्वासाला तसा आधार होता. 'वक्त' सिनेमा आला १९६५ साली. त्यात साधनाचे ते अंगाबरोबरचे कुडते आणि चुडीदार आहेत. बघता बघता सगळ्या हिंदुस्थानातल्या कॉलेजकन्यकांनी ते अंगावर चढवले, आणि मग जिना कसा चढायचा याची त्यांना चिंता पडली. ते कपडे केले भानू अथय्यांनी. त्याच पुढे 'गांधी' सिनेमासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. आणि त्या मूळच्या कोण? राजोपाध्ये. जन्म १९२९, गाव कोल्हापूर. मीही कोल्हापूरची. रंकाळ्याचं पाणी त्यांनीही पाहिलं, मीही पाहिलं. त्यांना जमलं तर मला न जमायला काय झालं? त्यांचे वडील चित्रकार होते, त्या स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, या बारीकसारीक गोष्टींकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते.

शिवणक्लास राजारामपुरीत, एका जिन्याखाली. बाई पंचाहत्तरीच्या. गळ्यात मोजपट्टी, पदराला खोचलेल्या चार सुया, आणि नजर अशी, की माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप होऊन जावं. बाकीच्या सगळ्या पोरी विशी-बाविशीच्या. त्या मला काकू म्हणाल्या. बाई मला "अगं ए" म्हणाल्या. बावन्नाव्या वर्षी कोणी "अगं ए" म्हटलं की बरं वाटतं.

"काय शिवायचंय?"

"साधनाचा कुडता. 'वक्त'मधला."

बाईंनी मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कपाळ रुंद म्हणून साधनानं पुढं बटा सोडल्या आणि त्याचा साधना कट झाला. माझं कपाळ तेवढं लहान आहे. बाकी सगळीकडे रुंदीला वाव आहे.

"पोलकं शीक," बाई म्हणाल्या.

पोलकंही काही वाईट नव्हतं. आजीचा १९५६ सालचा स्टुडिओतला एक फोटो आमच्या घरी आहे. खणाचं पोलकं, कोपरापर्यंत बाही, दंडावर फुगा, पुढं टिचबटणं, गळा इतका वर की मंगळसूत्राला बाहेर यायला वाट काढावी लागते. तोंडावर हसू नाही. मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत, "अगदी आजीवर गेलीस हो." हे माझ्या स्वभावाबद्दल बोलतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी पोलकं ठरवून मोकळी झाले होते.

पहिला गृहपाठ म्हणजे स्वतःची मापं घेऊन या. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. समोरची पट्टी बघायला वाकलं की पाठीवरची घसरते, पाठीवरची धरायला हात मागं नेला की छाती पुढं येते. मग यांना हाक मारली. यांनी चष्मा लावला, पट्टी गुंडाळली, आणि खिडकी उघडी असताना खणखणीत आवाजात म्हणाले, "एकशे चार!"

खालून जोशीकाकूंनी विचारलं, "ताप आलाय का हो कुणाला?"

"अहो, सेंटिमीटरची बाजू आहे ती! उलटी धरा."

यांनी पट्टी उलटी केली. इंच ४१. एकशे चार ऐकल्यावर एक्केचाळीस ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तेवढ्यात श्वास आत ओढला, पोट पाठीला नेऊन टेकवलं आणि म्हटलं, "आता बघा." ३८ झालं. मी ३८ लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही पाहिली.

"हे कुणाचं माप?"

"माझंच."

"कधीचं?"

पोरी खिदळल्या. बाईंनी स्वतः पट्टी टाकली, ४१ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "हे बघ, श्वास आत घेऊन माप दिलंस तर आयुष्यभर श्वास आत घेऊन हिंडायचं. लग्नात जेवायचंय ना?"

मग गणित. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, गळ्याला बारावा भाग, खांद्याचा निम्मा. मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. कर्जाचे हप्ते, चक्रवाढ व्याज तोंडी सांगते. पण ४१ भागिले ४ म्हणजे सव्वादहा, हे त्या पट्टीवर कुठं येतं ते शोधायला मला चष्मा, दिवा आणि शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी लागली.

नमुना कागदावर कापायचा होता. कागद म्हणजे घरातला पेपर. सकाळी चहा घेऊन बसलेल्या यांच्या हातात मी उरलेला अंक दिला. अग्रलेखाला गळ्याचा आकार आला होता. क्रिकेटच्या पानातून पाठ निघाली होती, आणि फलंदाज नव्याण्णववर असताना बातमी संपत होती.

"अगं, माझं राशिभविष्य कुठं गेलं?"

"उजव्या काखेत आहे."

"काय लिहिलंय?"

मी नमुना उचलून पाहिला. "खर्च वाढेल."

हे पुढं तंतोतंत खरं ठरलं.

पायमशीन या विषयावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. लांबून ते फार सोपं दिसतं. पाय खाली, पाय वर, चाक फिरतं, कापड पुढं सरकतं. माझ्या पायाखाली मात्र चाक नेहमी उलटं फिरायचं, आणि उलटं फिरलं की दोरा तुटतो. बाईंनी पहिले आठ दिवस दोराच ओवू दिला नाही. वहीच्या रेघांवर बिनदोऱ्याच्या सुईनं टीप मारायची. सगळ्या पोरींच्या कागदावर भोकांच्या सरळ ओळी उमटल्या. माझ्या कागदावर मुंग्यांचं लग्न निघालं होतं, आणि वाटेत त्यांचं भांडण झालं होतं.

गांधीजींनी यंत्रांविरुद्ध एवढं लिहिलं, पण १९२४ साली शिवणयंत्राला त्यांनी खास सूट दिली. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरसाहेबांचं प्रेम मोठं होतं हे खरं. त्यांचे एकाहून जास्त संसार होते आणि मुलं वीसच्या वर. एवढ्यांचे झबले-टोपडे शिवायचे म्हटल्यावर कुणालाही यंत्र सुचेल. मला मात्र जास्त जवळची वाटतात ती पॅरिसच्या शिंप्यांची मंडळी. पोटावर पाय येणार म्हणून त्यांनी १८३१ साली एका कारखान्यातली शिवणयंत्रं फोडली. त्यांचं कारण वेगळं होतं. पण दोरा ओवायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बॉबिनमध्ये दोऱ्याचा चेंडू झाला आणि तो बाईंनी चिमट्यानं बाहेर काढला, तेव्हा हातोडा माझ्याही मनात येऊन गेला.

पहिलं पोलकं मांजरपाटाचं. बाईंचा नियमच होता, चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटावर चूक करून घ्या. मी घेतल्या. एकाच पोलक्यात सहा. त्यातल्या एका चुकीनं गळा आणि बाही एकमेकांना शिवली गेली होती. क्लासात लोक शिवायला येतात, मी उसवायला जात होते. बाई म्हणायच्या, "टीप मारायला कुणालाही येतं, उसवता आलं पाहिजे." उसवण्यात मी एवढी तरबेज झाले की पोरी आपापल्या चुका माझ्याकडे आणून टाकू लागल्या. काकू, एवढं उसवून द्या. वर्गात मला पद मिळालं.

फुग्याची बाही बसेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "जुनं एखादं असलं तर आण. उलटं करून बघू." आई सांगलीहून आली तेव्हा ट्रंकेच्या तळातून आजीचं पोलकं घेऊन आली, फोटोतलंच. डांबरगोळ्यांचा वास, रंग जांभळ्याचा विटकरी झालेला. आईनं ते उलटं केलं आणि आम्ही दोघी बघत बसलो.

बाजूच्या शिवणीच्या आत दोन-दोन बोटं माया होती. शिवताना टिपेच्या आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला क्लासात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वहीत 'माया = अर्धा इंच' असं लिहून घेतलं होतं, व्याजाचा दर लिहावा तसं. इथं ती चांगली दोन बोटं होती. आणि त्या मायेत जुन्या टिपांच्या भोकांच्या ओळी होत्या, एकापलीकडे एक. टीप उसवायची, अर्धं बोट बाहेर सरकायचं, पुन्हा मारायची.

आई बोट फिरवत म्हणाली, "ही आतली लग्नातली. ही तुझ्या मामाच्या वेळची. ही माझी. ही धाकट्याची."

"आणि ही मधेच पुन्हा आत का आलीय?"

"टायफॉइड."

आमच्या घरात जन्मतारखांवरून अजून वाद आहेत, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांनाच १ जून दिला. पोलक्यावरच्या ओळी मात्र कुणी फिरवल्या नव्हत्या. मामा आईपेक्षा मोठा, यावर त्या दिवशी कायमचा शिक्का बसला. आणि मला आठवलं, माझ्या कपाटात अंगाला न येणारे एकोणीस ब्लाऊज आहेत. एकातही माया नाही. ब्लाऊज घट्ट झाला की आजी उसवायची. मी सोमवारपासून भात बंद करते.

"आजीनं एवढ्यावर तीन बाळंतपणं काढली," आई म्हणाली. "तू किती मांजरपाट फाडलास?"

"तीन मीटर."

"बाळंतपणं दोन," आई म्हणाली.

एप्रिलमध्ये खण आणला. महाद्वार रोडवरच्या दुकानदारानं सांगितलं, "गुळेदगुड्डचा आहे ताई, हातमागाचा." खणाचा पन्हा अरुंद, काठ दोन्ही अंगांना, आणि काठ बाहीच्या टोकाला यायला हवा, म्हणजे कापायच्या आधी डोकं चालवावं लागतं. मी चालवलं. रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर खण पसरून, खडूनं आखून, देवाचं नाव घेऊन कापला. सकाळी बाईंपुढं ठेवला. त्यांनी दोन्ही बाह्या उचलल्या, एकीवर एक ठेवल्या.

"उजवा हात कुठं सोडलास?"

बाहीचा पुढचा भाग जास्त कोरतात, मागचा कमी. त्यामुळे एक बाही डावी असते आणि एक उजवी. मी दोन्ही एकाच अंगावर कापल्या होत्या. दोन्ही डाव्या. काठ मात्र अगदी जागच्या जागी. दुकानदारानं मला परत पाहून विचारलं, "आणखी किती पोलकी शिवणार ताई?"

"एकच."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. यांची राशी धनू. खर्च वाढला होता.

खरा घोटाळा झाला तो मुंढ्यात. मुंढा म्हणजे बाही जिथं बसते ती खाच. आजीचा मुंढा काखेला अगदी लागून, वर. माझा तसाच कापला तर काचायला लागला. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर हात वर करून दाखवलं होतं. "काचलं की बायका मुंढा खोल करतात. वाटतं, हात मोकळा होईल. उलटं आहे. कापड काखेपासून खाली गेलं की हात उचलताना सगळा ब्लाऊज बरोबर वर चढतो. मुंढा वर, तर हात वर." मी हे वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

आणि लग्नाच्या आदल्या रात्री, पोलकं घालून पाहिलं, काचलं, तेव्हा वही क्लासात होती. मी आरशासमोर बसून मुंढा अर्धा इंच कोरला. मग दुसरा. मग पहिला पुन्हा, दुसऱ्याएवढा व्हावा म्हणून. मग दुसरा. पोळी गोल करायला कडा कापत गेलं की शेवटी पुरी हातात येते, तसं चाललं होतं. साडेबाराला पोलकं काचायचं थांबलं. मी समाधानानं झोपले.

कार्यालयात मी उतरले तेव्हा खरंच चार माणसं वळून बघत होती. नऊवारी, खणाचं पोलकं, दंडावर फुगे, टिचबटणं. भाचीनं मिठी मारली. "मावशी, सेम पणजीआजी!" नणंदेनं जवळ येऊन काठावरून बोट फिरवलं.

"कुठं शिवलंस गं?"

"घरीच. स्वतः."

"तरीच," नणंद म्हणाली.

मराठी भाषेत एवढ्या कमी अक्षरांत एवढं मोठं मत मावणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

पण ते मी सोसलं. हात खाली असेपर्यंत पोलकं देखणं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, सगळ्यांचे हात वर गेले. माझाही जायला निघाला. कोपरापर्यंत गेला आणि पोलक्यानं ठरवलं की आपणही बरोबर जायचं. कंबर उघडी पडते की काय असं वाटून मी हात खाली आणला आणि अक्षता खालूनच, भोवरा सोडावा तशी भिरकावली. ती पुढच्या रांगेतल्या वराच्या काकांच्या कॉलरमध्ये गेली. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या कानात. तिसऱ्याला त्यांनी मागं वळून पाहिलं. मी डोळे मिटून शुभ मंगल म्हणत होते. चौथ्यापासून मी माझ्या अक्षता यांच्याकडे दिल्या. "दोघांच्या मिळून टाका." यांनी टाकल्या. जोडप्याला आशीर्वाद पोचले, पण माझ्या वाट्याचे पोस्टानं गेल्यासारखे.

पंगतीत मी हात वर न करता सगळं जेवले. जिलेबी दोनदा घेतली. टिचबटणं टिकली. हे बाईंना सांगायला मी मुद्दाम गेले. बाईंनी पोलकं उलटं केलं, मुंढा पाहिला, आणि नाक दाबून धरावं तसा चेहरा करून विचारलं, "हे उंदरानं केलं की तू?"

मग त्यांनी माझ्याकडूनच तो उसववला आणि उरलेल्या खणाचे चौकोनी तुकडे कापून काखेत तिरके बसवले, जुन्या सदऱ्यांना असायचे तसे. तुकडे त्या फुकट गेलेल्या डाव्या बाहीतून निघाले. आता हात पार वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत जातो. यांनी पंख्यावरची जळमटं काढायचं काम माझ्याकडे दिलंय.

नणंदेचा परवा फोन होता. तिला तसंच एक हवंय, आणि मापाला ती जुना ब्लाऊज पाठवणार आहे. मी कळवलं, ब्लाऊज नको, तूच ये. आणि श्वास सोडून ये.

माझ्या पोलक्यात बाजूच्या शिवणीला मी मोजून दोन-दोन बोटं माया ठेवली होती. दिवाळीपर्यंत त्यातलं एक बोट संपलं.